हेडसेटमधली अल्टरनेटरची शीळ: फिल्टर बसवावा की ग्राउंड सुधारावे?

इंजिनाचा वेग वाढवला की हेडसेटमधली शीळ चढते आणि वेग कमी केला की उतरते, असे लक्षण दिसले की स्वतः विमान बांधणारे बहुतेक जण आधी फिल्टर मागवतात. दुसरा पर्याय ऑडिओचे ग्राउंड, म्हणजे प्रवाह परतण्याची जोडणी, तपासून दुरुस्त करण्याचा असतो. तो कंटाळवाणा असला तरी माझा कौल आधी त्यालाच आहे.

मात्र आवाज अल्टरनेटरचाच, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीज-जनित्राचाच, आहे याची खात्री हवी. विमान दोरांनी बांधून, चाकांना अडकण लावून आणि प्रोपेलरजवळ कोणी नाही हे पाहून, चालू इंजिनावर फक्त अल्टरनेटरचे फील्ड (त्याला चुंबकत्व देणाऱ्या कॉइलचा प्रवाह) बंद करावे. बॅटरी जोडलेलीच ठेवावी, कारण चार्जिंग सुरू असताना ती तोडल्यास व्होल्टेज उसळून रेडिओ जळू शकतो. एवढे करूनही शीळ थांबली नाही, तर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र) किंवा स्ट्रोबकडे (लुकलुकणाऱ्या दिव्याकडे) पाहावे.

अल्टरनेटरची तीन फेजची वीज सहा डायोडमधून एकदिश होते, तरी तिच्यावर थोडी लहर उरते आणि कॉइल व कपॅसिटरचा फिल्टर ती दाबतो. इंटरकॉमच्या (हेडसेटवरून बोलण्याच्या यंत्रणेच्या) पुरवठ्यावरचा फिल्टर लहान व हलका असतो. अल्टरनेटरच्या मुख्य तारेवरच्या फिल्टरला मात्र 40 किंवा 60 अँपिअरचा सगळा प्रवाह पेलावा लागत असल्याने तो जड होतो व तापतो. शिवाय एखादा डायोड गेला असेल, तर फिल्टर शीळ झाकतो आणि दोष तसाच राहतो. म्हणून आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून बसवरची (विमानाच्या मुख्य वीजपट्टीवरची) लहर मोजावी. ती अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेली, तर अल्टरनेटरच तपासून घ्यावा.

धातूच्या विमानात दिव्यांचा व पंपांचा प्रवाह सांगाड्यातूनच परततो, त्यामुळे फायरवॉल (इंजिनामागची धातूची भिंत) आणि पॅनेल यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. हेडसेटचा जॅक थेट पॅनेलला कसला असेल, तर इंटरकॉमला शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) एक आणि पॅनेलमधून दुसरे असे दोन ग्राउंड मिळतात व तो फरक आवाजात मिसळतो. यावर उपाय म्हणजे जॅकच्या दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर घालणे, ज्यांतला एक खांदा असलेला हवा, म्हणजे जॅकचा गळा छिद्राच्या कडेला टेकत नाही. शील्ड ग्राउंडला फक्त इंटरकॉमकडे जोडावे. नंतर इंटरकॉमचा कनेक्टर काढून जॅकचा गळा आणि सांगाडा यांच्यात मीटर लावावा. वॉशर ठीक असूनही मीटर वाजला, तर बहुधा नट आवळताना जॅक फिरून त्याचे मागचे टर्मिनल शेजारच्या ब्रॅकेटला टेकलेले असते.

दोहोंपैकी काय निवडावे हे एका चाचणीने ठरते. इंटरकॉमची धन तार विमानापासून सोडवून वेगळ्या 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडावी आणि त्या बॅटरीचे ऋण टोक इंटरकॉमच्याच ग्राउंडला लावावे. शीळ तशीच राहिली, तर फिल्टरवर पैसे घालवू नयेत. ती गेली, तर लहान फिल्टर पुरेसा ठरण्याची शक्यता चांगली आहे.

कंपोझिट (तंतू व रेझिनच्या) विमानात पॅनेल वीजवाहक नसल्यास जॅकचा प्रश्न सहसा येत नाही, पण प्रत्येक उपकरणाची ग्राउंडची तार एकाच बिंदूवर आणलेली असावी. रोटॅक्स 912 इंजिनाच्या अंगच्या जनरेटरवर रेग्युलेटरपाशी 22,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उत्पादकानेच सांगितलेला आहे, त्यामुळे तो नसल्यास या तुलनेत न पडता आधी बसवून घ्यावा.