किचन काटा, वजनकाटा आणि टेप : सोलापुरी ताटावर दहा महिने वापरल्यानंतर

वजन उतरवण्यासाठी वापरलेल्या वस्तू तीन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, १० किलो क्षमतेचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा किचन काटा. माणसाचं वजन करायचा काचेचा डिजिटल वजनकाटा. आणि शिंप्याच्या गळ्यात असतो तसला कापडी टेप. तिन्हींचा खर्च दीड हजाराच्या आत. वापर रोजचा, चार माणसांच्या स्वयंपाकात. निकाल आधीच सांगून टाकतो: किचन काट्याला पाचपैकी साडेचार, वजनकाट्याला तीन (त्याचा चरबीचा आकडा धरला तर दोन), टेपला चार. टेपचं मात्र एक लफडं आहे, ते शेवटी.

वजनकाटा आदल्या पंधरवड्यात काय झालं ते सांगतो. किचन काटा आज दुपारी काय होणार ते सांगतो. म्हणून जिमची वर्षाची फी भरण्याआधी हा चार-पाचशेचा काटा घ्या.

पहिल्याच आठवड्यात त्याने पकडलेला चोर म्हणजे तेल. तेल मोजायची सोपी रीत अशी: कढई काट्यावर ठेवायची नाही. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं, बाटली उचलून फोडणीत ओतायची आणि परत काट्यावर ठेवायची. काटा उणे २५ दाखवतो, म्हणजे २५ ग्रॅम तेल गेलं. तेल कुठलंही असो, ग्रॅमला ९ कॅलरी. २५ ग्रॅमला २२५. घाण्यावरचं करडईचं तेल ‘हलकं’ म्हणून आपल्याकडे हात जरा सैल सुटतो. काट्याला हलकं-जड कळत नाही, तेही नऊच.

रोज मोजायचा कंटाळा असेल तर सोमवारी सकाळी तेलाचा कॅन तोला आणि पुढच्या सोमवारी परत तोला. एक लिटर तेल साधारण ९१५ ग्रॅम भरतं. चार माणसांत ते सात दिवसांत संपलं तर माणशी रोज ३२-३३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २९५ कॅलरी. ते २० ग्रॅमवर आणलं की रोजच्या ११०-११५ कॅलरी कमी होतात आणि ताटातला एक घासही कमी होत नाही. वजन उतरवण्यातलं इतकं स्वस्त काम दुसरं नाही.

आता आपला लाडका पदार्थ. शेंगाचटणी उखळात कुटताना शेंगांना तेल सुटतं, म्हणूनच ती चिकट आणि चवदार होते. १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. भरलेला एक चमचा काट्यावर १५ ग्रॅम भरला, म्हणजे ८० कॅलरी. जेवताना तीन चमचे सहज जातात: २४०. वरून तेलाची धार घेतली तर चमच्यामागे आणखी ४०. ९० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर चाललं की बसून राहण्यापेक्षा सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी जास्त खर्च होतात. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूची सकाळची सगळी फेरी या तीन चमच्यांत परत येते. चटणी बंद करू नका. बंद केलेली चटणी महिन्याभरात दुप्पट होऊन परत येते. तेलाऐवजी दही घाला आणि ताट वाढायच्या आधी १५ ग्रॅम तोलून घ्या. बरणी जेवताना समोर ठेवायची नाही, एवढं पथ्य पुरे.

दुसरा गैरसमज कडक भाकरीचा. ती पातळ, कुरकुरीत आणि हाताला काहीच न लागणारी, म्हणून ‘डाएट’ची समजली जाते. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची मऊ भाकरी तव्यावरून उतरल्यावर ९० ते १०० ग्रॅम भरते, कारण तिच्यात पाणी असतं. तेवढ्याच पिठाची कडक भाकरी पूर्ण वाळल्यावर ६०-६५ ग्रॅमवर येते. दोन्हींत कॅलरी तेवढ्याच, साधारण २००. म्हणजे १०० ग्रॅम मऊ भाकरीला २१० आणि १०० ग्रॅम कडक भाकरीला ३२०. मोबाइलच्या ॲपमध्ये ‘भाकरी, १०० ग्रॅम’ असं एकच खातं असतं आणि तिथे हिशेब कोसळतो. शिवाय कडक भाकरी चुरून रश्श्यात घातली की ती तर्री स्पंजासारखी ओढून घेते; वाटीत उरणारं तेल मग पोटात जातं. पाकिटातली भाकरी असेल तर पाकिटाचं वजन भागिले नग करा. घरची असेल तर पीठच तोला.

हाच नियम सगळीकडे: कच्चं तोला. १०० ग्रॅम तांदळाचा भात पाणी कमी-जास्त पडेल तसा २८०-३०० ग्रॅम होतो. शिजलेल्याचं वजन म्हणजे पाण्याचं वजन. कच्च्या धान्य-डाळींचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत आहेत. ज्वारी १०० ग्रॅमला साधारण ३३५ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. ॲपमधल्या लोकांनी भरलेल्या ‘एक वाटी उसळ’पेक्षा हे कधीही बरं.

सगळ्यांची भाजी एकत्र शिजते, मग आपला वाटा कसा काढायचा? प्रत्येक पातेल्याचं रिकामं वजन एकदा तोलून कागदावर लिहा आणि कागद फ्रिजला चिकटवा. मटकीच्या उसळीचा हिशेब बघा: कोरडी मटकी २०० ग्रॅम (६६०), तेल २५ ग्रॅम (२२५), कांदा १५० ग्रॅम (६५), कूट २० ग्रॅम (११०). एकूण १०६०. शिजल्यावर पातेल्यासकट वजन घ्या, पातेलं वजा करा. समजा उसळ ९५० ग्रॅम भरली. १०६० भागिले ९५० म्हणजे ग्रॅमला १.१२. तुमची वाटी १८० ग्रॅमची असेल तर २०० कॅलरी आणि जेमतेम १० ग्रॅम प्रथिनं. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका. खाली लाकडी पाट ठेवून पाट टेअर करा. उष्णतेने आधी आकडा सरकतो, मग प्लास्टिक वाकतं.

काट्याच्या खोडी या आहेत. कूट किंवा मीठ चिमूट-चिमूट टाकत गेलात तर काटा ते मोजतच नाही. शून्याजवळचा बारीक फरक हा आपलाच हेलकावा आहे असं समजून तो परत शून्य करत राहतो. उपाय: टेअर न करता वाटीचं वजन लक्षात ठेवा आणि वजाबाकी करा, किंवा एकदम टाका. मे महिन्यात पंखा पाचवर असतो, तेव्हा परातीला वारा लागून शेवटचा आकडा नाचतो. क्षणभर पंखा बंद करा. कणीक मळेपर्यंत काटा आपोआप बंद होतो आणि टेअर पुसलं जातं. अर्धा स्टार त्याचाच कापलाय. सेल उतरले की सूचना यायच्या आधीच आकडे भरकटतात. तपासायला दहा रुपयांची दहा नाणी वापरा. नाण्याचं वजन ७.७ ग्रॅम, दहांचं ७७. काटा ७६-७८ मध्ये असला तर ठीक.

वजनकाट्याला सोलापुरात एक खास शत्रू आहे: शहाबादी फरशी. काट्याच्या चार कोपऱ्यांत चार सेन्सर असतात आणि शहाबादी कधी सपाट नसते. एकाच खोलीत काटा हातभर सरकवला की अर्धा-एक किलोचा फरक दिसतो. १२ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा खाली टाका, जागेवर खडूने खूण करा आणि काटा तिथून हलवू नका. वेळ सकाळची, शौचानंतर, पाण्याच्या घोटाआधी. रोज लिहा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. रविवारच्या मटणानंतर सोमवारी किलो-सव्वा किलो वाढ दिसते. ते मिठाने धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं. संध्याकाळी घाम गाळून आल्यावर घटलेला किलो तितकाच खोटा.

चरबीची टक्केवारी दाखवणारा भाग झाकून ठेवला तरी चालेल. तो तळपायातून सूक्ष्म वीज सोडून पाण्यावरून अंदाज बांधतो. वीज मुख्यतः पायांतून फिरते, पोट वरच राहतं. सकाळी आणि संध्याकाळी वेगळा आकडा येतो तो अंगातलं पाणी बदलल्यामुळे.

किती खायचं याचा अंदाज काढायला मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र पुरेसं आहे: वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषाला अधिक ५, बाईला वजा १६१. ९२ किलो, १६८ सेंटिमीटर, ४० वर्षांचा पुरुष: १७७५. दुकानात किंवा ऑफिसात बसून काम असेल तर गुणिले १.२, म्हणजे २१३०. त्यातून ५०० वजा केले की रोजचे १६०० च्या वर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरतं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर पेढे वाटू नका. साठवलेल्या एक ग्रॅम साखरेबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, तेच निघून जातं.

याच माणसाचे १४ किलो उतरले की त्याचा खर्चही दिवसाला १७० कॅलरींनी उतरतो. पाच-सहा महिन्यांनी काटा अडतो त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं म्हणजे नजर सैल होते आणि चमचा पुन्हा भरू लागतो. अडल्यावर जेवण तोडू नका. आधी दोन आठवडे तेल, कूट, चहातली साखर परत तोला. बायकांनी पाळीच्या आसपासचं वाढलेलं वजन हिशेबातून वगळून मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी तुलना करावी.

उपवास हा स्वतंत्र सापळा. श्रावणी सोमवारी खिचडीची एक प्लेट: साबुदाणा १०० ग्रॅम (३५०), कूट ४० (२२५), तूप १५ (१३५). सातशेच्या वर, आणि प्रथिनं दहा-बारा ग्रॅम. त्यापेक्षा दही, ताक, डाळिंब आणि मोजून मूठभर शेंगा घेतल्या तर उपवासही होतो आणि कॅलरींची तूटही राहते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत शेंगापोळी मात्र खा. फक्त सारण तोला. ३५ ग्रॅम सारण, ३० ग्रॅम कणीक, ५ ग्रॅम तूप मिळून एक पोळी ३०० ची होते. दोन खाल्ल्या तर त्या दिवशी भाकरी नाही.

प्रथिनांचं गणित आपल्या ताटात सगळ्यात अवघड जातं. ७५ किलो गाठायचे असतील तर रोज ९० ग्रॅमच्या आसपास हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम: १५. कोरडी डाळ-कडधान्य ६० ग्रॅम: १४. तीन अंडी: १९. दही २०० ग्रॅम: ७. कच्चं चिकन १५० ग्रॅम: ३३. झाले ८८. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्यांना पर्याय कमी. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम मिळतात. रश्श्यात टाकण्याआधी गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा, नाहीतर उग्र वास राहतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये चालणं साडेसहाच्या आत संपवा, त्यानंतर ऊन अंगावर येतं. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच: खुर्चीवरून उठबस, ओट्याला हात टेकून पुशअप, पिठाची ५ किलोची पिशवी पाठीवरच्या बॅगेत घालून पायरी चढणं. प्रत्येक १० ते १२ वेळा, अशा तीन फेऱ्या. तीन दिवस बारा जमले की पिशवीत किलोभर वाढवा, तिथेही काटा उपयोगी पडतो. घडी घातलेली सोलापुरी चादर गुळगुळीत फरशीवर सरकते, तिच्यावर पुशअप मारू नका.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, साखर एकदम खाली जाते. रक्तदाबाची गोळी असताना उठल्यावर चक्कर यायला लागली तरी तेच. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर आनंद आवरा. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळतात.

आता टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही असा धरायचा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. वजनकाटा अडलेला असताना टेप हलतो, म्हणून चार स्टार. एक स्टार कापला कारण कापडी टेप रोजच्या ओढण्याने ताणतो आणि ताणलेला टेप कंबर कमी दाखवतो. चादरी-टॉवेलच्या गावात हे वेगळं सांगायला नको. दर महिन्याला तो स्टीलच्या फूटपट्टीशेजारी सरळ पसरून बघा. टेपचे ३० सेंटिमीटर फूटपट्टीच्या ३० च्या पुढे दोन मिलिमीटर गेलेले दिसले तर ९० च्या कंबरेत सहा मिलिमीटरचं खोटं समाधान मिळतंय. टेप फेका, वीस-तीस रुपयांत नवा येतो.