माथेरानची मिनी ट्रेन: नेरळहून बसावं की अमन लॉजहून?

दोन दिवसांच्या सुट्टीत पोरांना घेऊन माथेरानला जायचं तर गाडीचा प्रश्न आधी सोडवावा. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी नेरळहून जुम्मापट्टी, वॉटर पाइप करत वर पोचायला अडीच तासांहून जास्त घेते. वळणं झकास, पण पाच वर्षांच्या आतलं पोर तासाभरात कंटाळतं आणि डब्यात पाय हलवायलाही जागा नसते. रेल्वेचं वेड असेल तरच नेरळहून बसा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो.

बाकीच्यांनी शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठावा. मोटारी तिथंच थांबतात. नाक्यावर प्रवेश कर भरून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन. तिथून शटल साधारण वीस मिनिटांत बाजारात सोडते, आणि ती पावसाळ्यातही चालते. आजीआजोबा सोबत असतील तर हीच बरी.

गोची होते ती रविवारी दुपारी. हॉटेलं सोडलेले सगळे एकदमच परतीच्या खिडकीवर येतात, डबे मात्र मोजकेच. म्हणून सकाळीच उतरा, नाहीतर अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालायची तयारी ठेवा. चाकांची बॅग या रस्त्यावर कुचकामी. पाठीवरची सॅक घ्या. हमाल केलात तर भाव आधी ठरवा. वेफर्सचं पाकीट हातात धरून फिरू नका, माकडं अचूक हेरतात. पांढरे बूट घरीच ठेवा.