स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट ठेवा बाजूला, रात्री नऊचं नेट दाखवा

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ३. ऑपरेटरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नाव घेतलं की मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि ह्या कंपनीचे फॅन विरुद्ध त्या कंपनीचे फॅन अशी जुंपते. आणि खरं सांगायचं तर जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

प्लॅन ५जी अनलिमिटेड. पहाटे किंवा सकाळी लवकर बघाल तर नेट असलं पळतं की मोठी फाइल डाउनलोडला लावून चार्जर शोधायला जावं तोवर झालेली असते. रात्री नऊ ते अकरा मात्र तोच फोन, तीच खुर्ची, सिग्नलच्या सगळ्या काड्या फुल, आणि व्हिडिओ फिरतोय गोल गोल. कस्टमर केअरला फोन केला तर ठरलेलं उत्तर, सर एकदा फोन रिस्टार्ट करा, एपीएन रिसेट करा, सिम काढून परत घाला. अहो दादा, सिम काढून घातल्याने टॉवरवरची गर्दी कमी होते का?

जाहिरातीतला स्पीड खोटा नसतो हे आधी मान्य करू. फक्त तो रिकाम्या टॉवरचा असतो. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा एक कॅरिअर (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा), दोन अँटेनावाला साधा सेटअप, ह्याचा कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस, आणि हा आकडा तुमच्या एकट्याचा नाही बरं का, टॉवरची जी बाजू तुमच्याकडे तोंड करून आहे त्या अख्ख्या सेक्टरचा आहे. ५ एमबीपीएस खाणारा एचडी व्हिडिओ तीस जणांनी एकदम लावला की झाला हिशोब पूर्ण, आणि तोही कागदावरचा, प्रत्यक्षात सगळे काही टॉवरखाली बसलेले नसतात त्यामुळे त्याच्या बऱ्याच आधी गाडी अडते. काड्या फुल दिसतात कारण काड्या सिग्नलची ताकद दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. हे साधं वाक्य कुठल्याच ऑपरेटरच्या ॲपमध्ये लिहिलेलं मला दिसलं नाही.

त्यात अजून एक गंमत. टॉवर सगळ्यांना आळीपाळीने वेळ वाटतो, ४जीमध्ये दर मिलिसेकंदाला ठरतं की आता कोणाचा नंबर. ज्याचा सिग्नल चांगला त्याला एका सिम्बॉलमध्ये (रेडिओ सिग्नलच्या एका ठोक्यात) ८ बिट देता येतात (२५६ क्वाम म्हणतात ते), आणि जो तळघरात, जाड भिंतीमागे बसलाय त्याला कसेबसे २. म्हणजे तोच व्हिडिओ त्याला द्यायला टॉवरचा चौपट किंवा त्याहून जास्त वेळ जातो. एक माणूस बेसमेंटमध्ये बसून क्रिकेट लाइव्ह बघतोय आणि त्याची किंमत आपण सगळे मोजतोय. त्याचा दोष नाही म्हणा, पण म्हणूनच घरात वायफाय असेल तर मोबाइल डेटा बंद ठेवणं ही दुसऱ्यांवर मेहेरबानी असते, आणि ऑपरेटर वायफाय कॉलिंग वगैरे इतक्या प्रेमाने का ढकलतात तेही कळतं.

आता ऑपरेटर करतात काय ह्यावर. मार्क द्यायचे तर उपायानुसार द्यावे लागतील.

सगळ्यात जास्त मार्क नवीन साइट (म्हणजे टॉवर) आणि छोटे सेल (सेल म्हणजे एका अँटेनाने सांभाळायचा भाग) टाकण्याला. मार्टिन कूपर, ज्यांनी १९७३ मध्ये हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, ते कित्येक वर्षं हेच सांगत आलेत की वायरलेसची क्षमता वाढली त्यात सगळ्यात मोठा वाटा सेल लहान लहान करून तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरण्याचा आहे, नवीन स्पेक्ट्रम (जास्तीच्या फ्रिक्वेन्सी) आणि भारी मॉड्युलेशन (एका सिम्बॉलमध्ये जास्त बिट कोंबणं) वगैरेचा वाटा त्यामानाने खूप कमी. पण हे महाग, वेळखाऊ, जागा मिळत नाही, परवानग्या, वीज, आणि सोसायटीची मीटिंग. ज्या मीटिंगमध्ये टॉवर नको म्हणून हात वर होतात त्याच मीटिंगमध्ये नंतर नेटवर्क नाही म्हणून ओरड, हे सगळीकडे सारखंच.

दुसरा उपाय ५जीचा मिड बँड, ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. इथे एकाच कॅरिअरला १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी मिळते, म्हणजे ४जीच्या एका कॅरिअरच्या पाचपट, वर ६४ ट्रान्समिट ६४ रिसीव्हचे मॅसिव्ह मायमोवाले अँटेना, जे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे बीम टाकून तीच फ्रिक्वेन्सी एकाहून जास्त लोकांना देतात. ह्यालाही जवळपास पैकीच्या पैकी, खरंच फरक पडलाय, आणि गंमत म्हणजे ५जी फोनवाले तिकडे गेल्यामुळे जुन्या ४जीवाल्यांचं पण थोडं सुटलं. पण हा बँड भिंतीतून आत यायला कुरकुरतो. बाल्कनीत राजा, आतल्या खोलीत फोन गपचूप ४जीवर.

आणि ५जीचा लोगो दिसतोय म्हणजे ५जीच चालू आहे असंही नाही. बऱ्याच ठिकाणी अजून नॉन स्टँडअलोन पद्धत आहे, त्यात फोन आधी ४जीला जोडला जातो आणि ५जी वरून जोड म्हणून मिळतं, त्यामुळे सेलला तशी सोय आहे एवढ्यावरच लोगो झळकू शकतो. ४जीचा तो पाया गर्दीने बसला की वरच्या ५जीचा पण जीव गुदमरतो. स्टँडअलोनवर गेलेल्या नेटवर्कमध्ये हा त्रास नसतो, तेव्हा नवीन सिम घेताना स्टँडअलोन आहे का हे विचारा, काउंटरवरच्या मुलाला माहीत नसण्याची शक्यता जास्त, तरी विचारा.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बॅकहॉल. टॉवरपासून मागे एक्स्चेंजपर्यंत डेटा नेणारी लाइन. वर चकाचक ५जी रेडिओ बसवलाय आणि मागे जुनी मायक्रोवेव्ह लिंक (तारेऐवजी रेडिओने डेटा नेणारी), म्हणजे गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि खाली अर्ध्या इंचाचा पाइप. फायबर खणून आणायचं तर खर्च आणि कटकट, ते नाही जमलं तर निदान ७०/८० गिगाहर्ट्झचा ई बँड लावता येतो, त्यावर थोड्या अंतरासाठी १० जीबीपीएसपर्यंत मिळतं. माझ्याकडे रात्रीचं जे होतं त्यात बॅकहॉलचा हात असावा असा माझा संशय आहे, कारण एरवी (निदान स्टँडअलोनवर तरी) गर्दीत ४जी मरतं पण ५जी तग धरतं, इथे मात्र दोन्ही एकदम बसतात आणि एकदमच उठतात. आता हे बाहेरून सिद्ध करणं अवघड, आणि केअरवाल्यांना बॅकहॉल म्हटलं की ते परत रिस्टार्टवर येतात.

३जी बंद करून तो स्पेक्ट्रम ४जी ५जीला देणं हे ठीकच, जर्मनीत २०२१ मध्ये तिन्ही मोठ्या ऑपरेटरनी केलं, अमेरिकेत २०२२ मध्ये. जुने फोन आणि जुनी मशीन्स अडकतात पण त्याला इलाज नाही.

आता येतो मला राग आणणारा भाग. क्षमता वाढवायची नाही, वापर दाबायचा. ह्याचा इतिहास जुना आहे. आयफोन आल्यावर एटी अँड टीचं नेटवर्क अमेरिकेत धापा टाकायला लागलं, २०१० मध्ये त्यांनी नव्या ग्राहकांसाठी अनलिमिटेड बंद केलं आणि जुन्या अनलिमिटेडवाल्यांचा स्पीड २०११ पासून ठरावीक वापरानंतर पाडायला सुरुवात केली, त्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये केस केली आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर ती मिटली. म्हणजे अनलिमिटेड ह्या शब्दाशी खेळणं ही काही आजची आयडिया नाही. आपल्या प्लॅनच्या अटींमध्ये फेअर युसेज नावाचा जो बारीक अक्षरातला परिच्छेद असतो तो वाचाच. कोटा संपल्यावर ६४ केबीपीएस मिळेल असं लिहिलेलं असतं कित्येक ठिकाणी, ऐकायला बरं वाटतं की चला बंद तर नाही केलं, पण ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, २ एमबीचं साधं पेज उघडायला चार मिनिटांच्या वर. ह्याला चालू आहे म्हणायचं की बंद?

व्हिडिओचं प्रकरण जरा वेगळं. मोबाइलवरच्या एकूण ट्रॅफिकमधला साधारण तीन चतुर्थांश हिस्सा व्हिडिओचा आहे, त्यामुळे ऑपरेटरचा डोळा तिथेच असणार. टी मोबाइलने अमेरिकेत नोव्हेंबर २०१५ मध्ये बिंज ऑन काढलं, व्हिडिओ ४८० पीवर आणून ठेवायचा आणि बदल्यात तो कोट्यात मोजायचा नाही, पाहिजे तर बंद करायची सोय. ह्यावर नेट न्यूट्रॅलिटीवाले (इंटरनेटवरच्या सगळ्या डेटाला सारखीच वागणूक द्या म्हणणारे) भडकले आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण निदान सांगून तरी केलं. न सांगता व्हिडिओ बारीक करणारे मला जास्त डोक्यात जातात. तपासायची एक सोपी युक्ती, नेहमीचं स्पीड टेस्ट ॲप बऱ्याचदा तुमच्याच ऑपरेटरच्या नेटवर्कमधल्या सर्व्हरशी बोलतं, त्यामुळे आकडा झकास येतो. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये फास्ट डॉट कॉम काढलंय, ते नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजतं. दोन्ही पाठोपाठ चालवा, पहिल्यात ८० आणि दुसऱ्यात २ असं वारंवार दिसलं तर समजून जा कुठेतरी मुरतंय.

तसं चांगल्या मनाने पण व्हिडिओ कमी करता येतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर युरोपियन युनियनने विनंती केली आणि नेटफ्लिक्सने तिथला बिटरेट (व्हिडिओला सेकंदाला लागणारा डेटा) कमी करून ट्रॅफिक साधारण २५ टक्क्यांनी उतरवलं, यूट्यूबने डिफॉल्ट क्वालिटी खाली आणली. कोणाचं फारसं बिघडलं नाही, सहा इंची स्क्रीनवर ७२० आणि ४के मधला फरक कोणाला कळतोय. नेटफ्लिक्स, गुगलसारखे लोक आपले कॅशे सर्व्हर (लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे) थेट ऑपरेटरकडे नेऊन ठेवतात तेही चांगलंच, पण त्याने ऑपरेटरकडून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणाऱ्या लाइनचा भार हलका होतो, टॉवर आणि तुमच्या फोनमधल्या हवेतली गर्दी आहे तेवढीच राहते.

अपलोडची मात्र सगळीकडेच बोंब. ५जीच्या मिड बँडमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने डाउनलोड आणि अपलोड चालतं आणि बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो, त्यामुळे मॅच किंवा कॉन्सर्टला हजारो लोक एकदम स्टोरी टाकायला लागले की साधा मेसेज पण घड्याळ दाखवत बसतो. मोठ्या कार्यक्रमाला ऑपरेटर चाकांवरचे टॉवर आणतात, काम करतात ते, पण कार्यक्रम संपला की गाडी जाते.

एक गोष्ट मला अलीकडे खटकायला लागलीय. ट्रॅफिक वाढतंय वाढतंय अशी हाकाटी चालू असते पण वाढीचा वेग कमी झालाय, नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या एरिक्सनच्या अहवालांमध्ये २०१० च्या सुमाराला ट्रॅफिक वर्षाला दुपटीच्या पुढे जात होतं, आता ती वाढ २० टक्क्यांच्या आसपास आलीय. म्हणजे आपण सगळे जेवढे रील बघू शकतो तेवढे बघून झाले बहुतेक. मग ऑपरेटर रिकाम्या वेळेतली क्षमता विकायला काय काढतात, तर घरासाठी ५जी वायरलेस ब्रॉडबँड. २०२४ च्या अखेरीस जगातल्या मोबाइल डेटापैकी साधारण पाव हिस्सा ह्या फिक्स्ड वायरलेसचा होता. दुपारी ठीक आहे, पण घरातले टीव्ही चालू व्हायची वेळ आणि फोनवर व्हिडिओ बघायची वेळ एकच, रात्रीची, आणि टॉवर पण तोच. काही ऑपरेटर मोबाइलवाल्यांना आधी आणि घरच्या राउटरला नंतर असा प्राधान्यक्रम लावतात, माझ्यावाल्याच्या अटींमध्ये ह्याबद्दल एक अक्षर नाही, आणि ब्रॉडबँड घ्या म्हणून मेसेज मात्र रोजचा.

तर कव्हरेज चांगलं, कॉल क्वालिटी उत्तम, दिवसाचा स्पीड भरपूर, म्हणून ३. रात्रीसाठी एक कापला, केअरसाठी एक. पोर्ट करायचा विचार असेल तर आधी दुसऱ्या सिमवर त्या ऑपरेटरचा छोटा प्लॅन टाका, आणि स्पीड टेस्ट रात्री नऊनंतर, घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत घ्या, अपलोडचा आकडा सोडू नका. दुकानाबाहेर उभं राहून सकाळी अकराला घेतलेल्या टेस्टवर मी तरी पोर्ट करणार नाही.