गनमेटल सांगून पितळ गळ्यात मारलं

जळगाव, भुसावळ, धुळे भागात पंपदुरुस्ती किंवा लेथचं काम करणाऱ्यांनी हे वाचाच. एका व्यापाऱ्यानं गनमेटलचे (तांब्यात कथील, शिसं, जस्त घातलेला बेअरिंगचा धातू) गज म्हणून आम्हाला भंगारातलं ओतीव पितळ (तांबं आणि जस्त) दिलं. दर बाजारापेक्षा किंचितच कमी. फार स्वस्त दिलं असतं तर कुणालाही वास आला असता. सोबत टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स: भारतीय मानक आयएस ३१८, ग्रेड एलटीबी-२, म्हणजे तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के. गजही छान तांबूस. त्यातून आम्ही पंपांचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या, बनवून बसवले.

उन्हाळ्यात केळीला पाणी जोरात सुरू झालं आणि रावेर-यावलकडचे पंप परत यायला लागले. "भाऊ, बुश तर नवा टाकला होता ना, मग शाफ्ट काबरं जाम होतो?" बुश उपसला तर आतलं भोक खरवडलेलं, शाफ्टवर पिवळे ओरखडे.

उरलेला गज कानशीनं घासला. तांबूस साल लगेच उडाली, खाली पिवळाधमक. आधी वापरून झालेल्या तेजाबात (ॲसिडमध्ये) पितळ लोखंडी चिमट्यानं बुडवलं की त्यावर तांब्याचा पातळ मुलामा बसतो. रंगाची करामत एवढीच.

ओळखीच्या एका प्राध्यापकांनी तुकडा पॉलिश करून, फेरिक क्लोराइड लावून मायक्रोस्कोपखाली दाखवला. खऱ्या गनमेटलमध्ये मऊ तांब्याच्या फांद्या, त्यांच्या फटीत कथिलाचे कडक निळसर ठिपके आणि शिशाचे काळे थेंब दिसतात. कडक ठिपके भार घेतात, शिसं तेल कमी पडलं तरी शाफ्टला धरू देत नाही. आमच्या तुकड्यात कथिलाचा मागमूस नव्हता. नुसते पितळाचेच दोन प्रकारचे कण, फिकट अल्फा आणि गडद बीटा. जस्त साधारण ३७ टक्क्यांपुढे गेलं की हा बीटा येतो. नळाच्या तोट्या ओतायला असलं पितळ उत्तम, पण बुशात शाफ्टला चिकटतं. शिवाय खाऱ्या विहिरीत बीटातलं जस्त आधी विरघळतं आणि मागे लालसर भुसभुशीत तांबं उरतं.

सराफाकडच्या सोनं तपासायच्या मशीनवर जस्ताचा आकडा कळतो. पण ते वरची कातडीच वाचतं, त्यामुळे गज आधी खोलवर घासून न्या. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (ओतलेल्या घाण्याचा नंबर) गजावर पंच केलेला आहे का, तेही बघा.

व्यापारी म्हणाला, "फाउंड्रीवाल्यानं घोळ केला, शेठ." पैसे दिले नाहीत. बिलावर त्यानं फक्त 'नॉनफेरस राउंड' (लोखंड सोडून कुठल्याही धातूचा गोल गज) लिहिलं होतं, ग्रेड नाहीच, त्यामुळे वकिलानंही हात वर केले. सध्या तो शिरपूर-दोंडाईचाकडे माल दाखवत फिरतोय असं कळतं.