पात्रता फेरीचा हिशेब मांडणारं अ‍ॅप: युरोपात पास, आफ्रिकेत नापास

२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाची पात्रता फेरी पुन्हा ‘खेळवून’ बघायची असेल तर हे मोफत अ‍ॅप बरं आहे. निकाल भरा, तक्ता बदलतो. दक्षिण अमेरिका चोख: १० संघ, प्रत्येकी १८ सामने, पहिले ६ थेट आत, सातवा प्लेऑफला (उरलेल्या जागांसाठीची जादा फेरी). इक्वेडोरचे शिक्षा म्हणून सुरुवातीलाच कापलेले ३ गुणही धरलेत, जे भलेभले विसरतात. युरोपही ठीक.

घोळ आफ्रिकेत आहे. ९ गटविजेते थेट जातात आणि सर्वोत्तम ४ उपविजेते प्लेऑफला. एरिट्रियाने माघार घेतल्यामुळे एका गटात ५च संघ उरले. म्हणून उपविजेत्यांची तुलना करताना बाकीच्या गटांत तळाच्या संघाविरुद्धचे दोन्ही निकाल वगळावे लागतात. अ‍ॅप ते वगळतच नाही, त्यामुळे क्रम साफ चुकतो. ही यादी हातानेच करा: त्या दोन सामन्यांचे गुण आणि गोलफरक वजा करा. तळाचा संघ बदलला की आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून!

आणखी एक. गटात गुण सारखे झाले तर आधी गोलफरक, मग केलेले गोल, त्यानंतरच आपसातले सामने बघतात. सेटिंगमध्ये हा क्रम उलटा येतो, तो आधी बदलून घ्या. जाहिराती मात्र फार नाहीत. पाचपैकी तीन तारे.