सात महिने सी शार्प वापरल्यावर: तक्रार एकच, तो पिवळा त्रिकोण

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी रात्री पावणेअकराला गिरगावातल्या आमच्या फराळाच्या दुकानाचा गल्ला ६,२४० रुपयांनी कमी भरला. गल्ल्यावर दिवसभर भावजी होते. सासरे काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. आमच्या घरात त्याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो. भावजींनी तीनदा नोटा मोजल्या, यूपीआयची यादी पुन्हा काढली आणि शेवटी खिसे उलटे करून दाखवले. मी गप्प बसले. दिवसअखेरचा हिशेब काढणारा प्रोग्राम माझाच, पण तो चुकला असेल असं माझ्या मनातही आलं नाही, याची लाज अजून वाटते.

तेव्हा हा अनुभव लिहितेय. सी शार्प ही प्रोग्राम लिहायची भाषा आणि डॉट नेट हा ती चालवणारा पाया. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू, मेथड म्हणजे तिला सांगायचं काम. याहून खोलात जात नाही.

आधी दुकानात विकतचं बिलिंग होतं. वर्षाच्या देखभालीचे १२,००० रुपये. सोसायट्यांच्या घाऊक ऑर्डरला वेगळी सूट लावायची आहे म्हटल्यावर तिकडून उत्तर, "त्याचे ४,५०० वेगळे होतील, मॅडम." एक रकाना वाढवायचे साडेचार हजार! तेवढ्यात आठ किलो चकली येते, तीही दुकानातल्या भावाने. फोनवर वाजलंच. मी बीकॉम, लग्नाआधी फोर्टमध्ये एका सीएंकडे टॅलीवर बसायचे, म्हणजे हिशेब कळतो आणि यंत्राची भीती नाही. लेक बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला, तिच्या वह्या घरात आयत्या. डोंबिवली ते दादर बसायला मिळालं तर वाचायचं, उभं राहावं लागलं तर मनातल्या मनात घोकायचं. लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला संगणक ८,५०० ला घेतला. डॉट नेट एमआयटी परवान्याखाली फुकट, प्रोग्राम लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्तीही एकट्या माणसाला फुकट. गुढीपाडव्याला पहिलं बिल छापलं.

पहिले काही महिने मी या भाषेच्या प्रेमातच होते. क्लासला, मेथडला देवनागरीत नाव देता येतं हे कळलं तो दिवस आठवतो. माझ्या प्रोग्राममध्ये खरंच "बिल" नावाचा क्लास आहे, "घाऊकबिल" आहे, "सूट" नावाची मेथड आहे आणि हे सगळं मुकाट कंपाइल होतं, म्हणजे यंत्राला चालेल अशा रूपात उतरतं. लेक किंचाळली, "आई, असं कोणी करत नाही!" न करू दे. सहा महिन्यांनी ती फाइल उघडली तर मला वाचता आली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. इफ, रिटर्न अशा भाषेच्या इंग्रजी शब्दांसाठी दर ओळीला कळफलक बदलावा लागतो, तेवढी कटकट आहे.

लेकीच्या व्हायवाला क्लास-ऑब्जेक्टच्या पद्धतीचे चार खांब पाठ करून जावं लागतं: एनकॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. पहिल्याला मी पैकीच्या पैकी देते. क्लासच्या आतल्या गोष्टीला काही लिहिलं नाही तर ती आपोआप प्रायव्हेट. गल्ल्याची चावी मागितल्याशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही, हाच नियम आमच्याकडे १९८० च्या दशकापासून आहे. बिलाची रक्कम बाहेरून कोणी थेट बदलू शकत नाही, वस्तू टाकूनच ती वाढते. ॲब्स्ट्रॅक्शनबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही. आमचं दुकान लहान आहे.

मॅनेज्ड कोडचं कौतुक फार ऐकलं होतं. म्हणजे आपला प्रोग्राम आधी मधल्या एका भाषेत उतरतो, चालवताना रनटाइम त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतं, आणि वापरून झालेली मेमरी गार्बेज कलेक्टर गोळा करतो. खरंच करतो, त्या जुन्या संगणकावर प्रोग्राम सकाळी आठपासून रात्रीपर्यंत चालू असतो, अडकत नाही. पण कलेक्टर म्हणजे पालिकेची गाडी. येणार नक्की, कधी येणार ते ती ठरवणार. आणि तो फक्त मेमरी उचलतो. वजनकाट्याचा सीरियल पोर्ट मी उघडून तसाच सोडत होते, कलेक्टर बघून घेईल या भरवशावर. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पोर्ट पुन्हा उघडायला गेलं की परवानगी नाकारली असा एक्सेप्शन. पहिल्या ऑब्जेक्टने पोर्ट धरून ठेवलेला आणि त्याला उचलायची गाडी अजून यायची होती. यूझिंगमध्ये गुंडाळल्यावर काम झालं की पोर्ट तिथल्या तिथे बंद. याला मी दोष म्हणत नाही, माझंच वाचन अर्धं होतं.

आता त्या ६,२४० कडे.

रात्री दादरला गाडी बदलली आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये तो आकडा डोक्यात फिरत राहिला. गल्ल्यात पैसे चुकतात तेव्हा पाचशे कमी, दोनशे जास्त, असे वेडेवाकडे चुकतात. ६,२४० फार शिस्तीत चुकले होते. मोबाइलवर दिवसाची बिलं काढली. तीन सोसायट्यांची घाऊक बिलं, मिळून ६२,४००. त्याचे दहा टक्के किती ते सांगायला नको. कळवा यायच्या आत मला कळलं होतं की भावजींनी काही केलेलं नाही.

झालं होतं ते असं. "बिल" या मूळ क्लासमध्ये "सूट" मेथड शून्य परत करते. त्यावरून "घाऊकबिल" काढलं, त्यातली "सूट" दहा टक्के देते. पितृपक्षात दुकान थंड असतं, तेव्हा लिहिलं. घाऊक ऑर्डरच्या पडद्यावर बिल घाऊकबिल म्हणूनच हाताळलं जातं, त्यामुळे छापील बिलात दहा टक्के बरोबर वजा झाले आणि गिऱ्हाइकाने तेवढेच दिले. दिवसअखेर मात्र सगळी बिलं एका यादीत येतात आणि ती यादी "बिल" प्रकाराची. तिथून "सूट" विचारली की शून्य! तेच ऑब्जेक्ट, पण हाक कुठल्या नावाने मारली यावर उत्तर बदललं. माहेरच्या नावाने हाक मारली की बाई माहेरचा हिशेब सांगते आणि सासरच्या नावाने मारली की सासरचा, असा प्रकार. पॉलिमॉर्फिझमचा सगळा मुद्दाच हा, की कोणत्याही नावाने हाक मारा, बाई तीच आणि उत्तर तेच. पण सी शार्पमध्ये ते आपोआप मिळत नाही. मूळ मेथडवर व्हर्च्युअल (हिला खालचा क्लास बदलू शकतो) लिहावं लागतं आणि खालच्या मेथडवर ओव्हरराइड (मी वरचीच बदलतेय). मी दोन्ही लिहिलं नव्हतं. मग भाषेने खालच्या "सूट"ला वेगळीच मेथड मानलं, जिने वरचीला फक्त झाकून टाकलं.

आणि भाषेला हे माहीत होतं! सीएस०१०८ नावाचा इशारा तिने दिला होता. तुमची मेथड वारशाने आलेल्या मेथडला झाकतेय, मुद्दाम असेल तर न्यू लिहा, असं साफ सांगितलं होतं. कुठे सांगितलं? पिवळ्या त्रिकोणाच्या यादीत, जिथे माझे ४१ इशारे पडून होते. त्यांतले बहुतेक सीएस८६१८, म्हणजे अमुक प्रॉपर्टी रिकामी राहू शकते. नव्या प्रोजेक्टमध्ये नलची, म्हणजे रिकाम्या जागेची, ही तपासणी आपोआप चालू असते आणि ती सतत कुरकुरते. दारावर रोज चाळीस जण घंटी वाजवत असतील तर एकेचाळिसावा पोस्टमन आहे हे कोणाला कळणार? त्यात प्रोजेक्टमध्ये काही बदललं नसेल तर पुढच्या बिल्डला, म्हणजे प्रोग्राम पुन्हा बांधताना, कंपाइलच होत नाही, म्हणजे इशाराही पुन्हा येत नाही. एकदा हळूच सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही, विषय संपला. अर्धविराम विसरला तर हीच भाषा लाल होऊन बिल्ड अडवते. अर्धविरामाने आजवर कोणाच्या घरात भावावर संशय आणलेला नाही.

इथवरचं मी दिवाळीतच लिहून ठेवलं होतं, आणि शेवट "व्हर्च्युअल आपोआप का नाही, ही शुद्ध मुजोरी आहे" असा होता. नणंदेचा मुलगा ऐरोलीला जावा या दुसऱ्या भाषेवर काम करतो. तो म्हणाला, "मामी, जावात हे झालंच नसतं. तिथे मेथड मुळातच व्हर्च्युअल." मी आणखी पेटले. भाऊबीजेला त्याला घरी जेवायला बोलावून दोन तास याच विषयावर पिळलं, लेक ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

नंतर मत बदललं, म्हणून वरचं वाक्य मागे घेते. ही भाषा घडवणारे अँडर्स हायल्सबर्ग. त्याआधी प्रोग्रामिंगच्या टर्बो पास्कल आणि डेल्फीवालेही तेच. त्यांनी २००३ च्या एका मुलाखतीत व्हर्च्युअल आपोआप न ठेवण्याची दोन कारणं सांगितली आहेत. एक वेगाचं. माझ्या दुकानाला त्याच्याशी देणंघेणं नाही. दुसरं आवृत्त्यांचं: मूळ क्लासमध्ये पुढे कोणी नवी मेथड घातली आणि नेमकं तेच नाव खालच्या क्लासमध्ये आधीपासून असेल, तर नकळत एकाच्या जागी दुसरी चालू नये. मला हे पुस्तकी वाटलं. मग रविवारी दुपारी बसून ते ४१ इशारे एकेक करून वाचले, तर सीएस०१०८ दोनदा निघाला.

दुसरा असा होता. घाऊकबिलात मी "बंद" नावाची मेथड लिहिली होती: गिऱ्हाइकाने ऑर्डर मोडली तर ॲडव्हान्स परत केल्याची नोंद करायची. पुढे नवरात्रात मूळ "बिल"मध्येही "बंद" लिहिली: रात्री प्रत्येक बिलाला कुलूप लावायचं, म्हणजे मागाहून कोणी हात लावू नये. नाव तेच पडलं, लक्षात नव्हतं. जावासारखं सगळं आपोआप व्हर्च्युअल असतं तर त्या शनिवारी रात्री कुलपं लावता लावता प्रोग्रामने तिन्ही सोसायट्यांचा ॲडव्हान्स परत दिल्याचं लिहून टाकलं असतं, आणि तेही एकही इशारा न देता. सी शार्पने दोन "बंद" वेगळ्या ठेवल्या आणि बरोबर ती चालवली. एकाच नियमाने एका बाजूला भावजींना अडकवलं आणि दुसऱ्या बाजूला आम्हाला वाचवलं. भाचेसाहेबांना हे फोनवर सांगितलं, तेव्हा "हं" म्हणाले.

तेव्हा नियमाशी माझं भांडण मिटलं. व्हर्च्युअल हा शब्द १९६७ च्या सिम्युला या भाषेपासूनचा आहे, सी प्लस प्लसमध्येही तो मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे हायल्सबर्ग काही जगावेगळं करत नव्हते. भांडण उरलं ते रंगाशी. ही गोष्ट पिवळ्यात सांगायची नाही, लालमध्ये सांगायची. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये प्रत्येक इशारा चूक मानावा अशी एक ओळ घालता येते. घातली. बिल्ड चार दिवस बंद पडला, सगळे ४१ निस्तरले, दुसऱ्या "बंद"चं नाव "ऑर्डरमोड" केलं. ही ओळ नव्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून का नसते, हे मी त्यानंतर भेटेल त्याला विचारतेय.

ओव्हरराइड लिहिण्याचा एक फायदा मात्र कुठे वाचला नव्हता. देवनागरीत नावं देणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा धोका असतो. "सुट" आणि "सूट" या भाषेच्या लेखी दोन वेगळ्या मेथड. पुढे दुसऱ्या एका क्लासमध्ये घाईत पहिला उकार पडला. ओव्हरराइड लिहिलेलं होतं म्हणून सीएस०११५, तोही लाल: ओव्हरराइड करण्याजोगी मेथडच सापडली नाही. शाळेतल्या बाईंनंतर माझं शुद्धलेखन इतक्या कडकपणे कोणी तपासलं नव्हतं. जावात यासाठी ॲट ओव्हरराइड असं टिपण आहे, पण ते लिहिणं ऐच्छिक.

किरकोळ दोन गोष्टी. मी डॉट नेटच्या आवृत्ती ८ वर आहे. ती नोव्हेंबर २०२३ ची आणि तिची मुदत नोव्हेंबर २०२६ ला संपते. तीन वर्षं म्हणजे फार नाहीत. आमची भाजणीची गिरणी त्याहून जुनी आहे. बदल फुकट आहे म्हणून फार बोलत नाही. दुसरं, पैशाला डेसिमल हा आकड्याचा प्रकार वापरा, डबल नको (तो दशांश नेमके ठेवत नाही), आणि पूर्णांक करताना सांभाळा. मॅथ राउंड अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतं: १३.५० चे १४ होतात, पण १२.५० चे १२. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगून बघा. पद्धत बदलायची सोय आहे, पण ती वेगळी सांगावी लागते. व्हर्च्युअलसारखंच.

भावजींना सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच सगळं सांगितलं, सासऱ्यांसमोर, छापील बिलं शेजारी ठेवून. ते म्हणाले, "वहिनी, म्हणजे चोर तुमच्या कॉम्प्युटरातच होता." सासऱ्यांनी पुन्हा चष्मा पुसला. या वेळी अर्थ मला लागला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. मॅथ राउंडला विचारलं तर चार होतील. दिवाळीच्या रात्री मी अडीच देणार होते, त्याचे दोनच झाले असते.