गुडघ्याची वाटी विसरलेला कोश

रुग्णांसाठीची माहितीपत्रके आणि संमतीपत्रे मराठीत आणणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, वैद्यकीय संज्ञांची व्युत्पत्ती सांगणारा एक मराठी कोश निघाल्याचे कळताच अप्पा बळवंत चौकात जाऊन तो विकत घेतला. छापील किंमत ४५० रुपये, दुकानात ४०० रुपयांना मिळाला. चार महिने तो टेबलावर उघडाच असतो. कोशाचे आणि प्रकाशकाचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्या संपादकांना पत्राने कळवलेल्या आहेत आणि त्यांना दुरुस्तीची संधी मिळायला हवी.

आधी जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. केवळ ‘मूळ ग्रीक’ किंवा ‘मूळ लॅटिन’ एवढे सांगून हा कोश थांबत नाही. तो शब्द त्या अवयवाला किंवा रोगाला का चिकटला, हेही सांगतो. ‘आर्टरी’ची, म्हणजे हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या रोहिणीची, नोंद पाहा. ग्रीकमधील ‘आर्टेरिया’ हा शब्द श्वासनलिकेसाठीही वापरला जाई. मृत शरीरातील रोहिण्या बहुधा रिकाम्या आढळत, त्यामुळे त्यांतून हवा खेळते असा प्राचीन वैद्यांपैकी अनेकांचा समज होता; पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने त्यांत रक्तच असते हे प्रयोगाने दाखवले, पण नाव मात्र जुनेच राहिले. ही सगळी हकिकत कोशाने अर्ध्या पानात नेटकी बसवली आहे.

आणि नेमके याच नोंदीत माझे पहिले भांडण सुरू होते. शेवटी मराठी प्रतिशब्द म्हणून ‘रोहिणी, धमनी’ असे दोन शब्द टाकून संपादक पुढच्या नोंदीकडे वळतात. ‘धमनी’ हा शब्द फुंकणे या अर्थाच्या ‘ध्मा’ धातूपासून आला आहे आणि संस्कृतात भात्याशी व फुंकण्याच्या नळीशी त्याचे नाते आहे. म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या वैद्यांना जे नळीतील वाऱ्याचे रूपक सुचले, त्याच्याशी जुळणारी कल्पना आपल्याही शब्दात दडलेली आहे. सुश्रुतसंहितेत नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या सांगितल्या आहेत, तेव्हा ती धमनी म्हणजे आजची ‘आर्टरी’ नव्हे, हा खुलासाही इथे अगत्याने हवा होता. व्युत्पत्तिकोशाने आपल्याच भाषेतील शब्दाची व्युत्पत्ती गाळावी, हे अजब आहे.

हीच गत ‘प्युपिल’ची. लॅटिनमध्ये ‘प्युपिल्ला’ म्हणजे छोटी बाहुली किंवा लहान मुलगी. समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते म्हणून हे नाव पडले. संस्कृतातील ‘कनीनिका’ या शब्दातही मुलगीच आहे. मराठीत तर आपण सरळ ‘डोळ्यातली बाहुली’ म्हणतो. कोशात मात्र बाहुली कुठेच नाही, ‘नेत्रतारा’ आहे.

‘पटेला’ या हाडाच्या बाबतीत तर या दुर्लक्षाचा फटका मलाच बसला. लॅटिनमधील या शब्दाचा अर्थ लहानशी थाळी, असे कोश सांगतो आणि पुढे ‘जान्वस्थी’ हा प्रतिशब्द देतो. मी विश्वासाने तोच शब्द शस्त्रक्रियेच्या एका संमतीपत्रात वापरला. सही करण्यापूर्वी एका आजोबांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, “अहो साहेब, हे जान्वस्थी म्हणजे गुडघ्याची वाटीच ना?” लॅटिनमध्ये थाळी आणि मराठीत वाटी, भांडे तेवढे बदलले. माकडहाडाचेही तेच. इंग्रजीतील ‘कॉक्सिक्स’ हे नाव कोकिळेच्या जातीतील एका पक्ष्याच्या ग्रीक नावावरून, त्या हाडाचा आकार चोचीसारखा म्हणून आले, हे कोश रंगवून सांगतो. आपण त्याला माकडाचे हाड का म्हणतो, यावर एक ओळ नाही, कारण ‘अनुत्रिक’ या प्रतिशब्दापुढे माकडहाड हा शब्दच दिलेला नाही.

‘व्हॅक्सिन’ची नोंद मात्र अशी आहे की संपूर्ण कोश याच धर्तीवर का केला नाही, असे वाटावे. लॅटिन ‘वाक्का’ म्हणजे गाय, एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तनदेवी या गाईंना होणाऱ्या रोगाच्या फोडातील द्रव वापरून केलेला प्रयोग, १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेलेली भारतातील पहिली लस, हे सारे आहेच. शिवाय जखमेतून पाझरणारा पातळ द्रव म्हणजे ‘लस’, हा जुना मराठी अर्थ आणि ‘देवी टोचणे’ हा वाक्प्रचारही आहे. ‘पिट्यूटरी’ची नोंदही वाचनीय आहे: मेंदूतील कफ नाकावाटे वाहून जातो या जुन्या समजुतीवरून लॅटिनमध्ये त्या ग्रंथीला कफाचे नाव मिळाले आणि मराठीत, बहुधा उच्चारसाम्यासाठी, तिची पीयूषिका झाली. शेंबडाचे अमृत!

एक चूक मात्र गंभीर आहे. क्षयासाठीचा ग्रीक शब्द ‘फ्थिसिस’ संस्कृत ‘क्षय’वरून ग्रीकांनी उचलला, असे एके ठिकाणी ठामपणे लिहिले आहे. हे दोन शब्द एकाच पूर्वज भाषेतून आलेले सगोत्र शब्द आहेत. कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत. असा अभिमान भाषणात खपतो, कोशात खपत नाही.

वापराच्या दृष्टीने सांगायचे तर सूची केवळ इंग्रजी वर्णक्रमाने आहे, त्यामुळे ‘कर्करोग’ हा शब्द हाती घेऊन आलेल्या वाचकाला खेकड्यावरून नाव पडलेल्या ‘कॅन्सर’च्या सुरेख नोंदीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नाही. ग्रीक शब्दांचे देवनागरी लेखनही एकसारखे नाही. खेकड्यासाठीचा ‘कार्किनोस’ वीस पानांनंतर ‘करकिनॉस’ होतो. बांधणी कच्ची असून माझ्या प्रतीची पाने दुसऱ्याच महिन्यात सुटू लागली. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आणि शब्दांची गोडी असणाऱ्यांनी ४०० रुपये जरूर खर्चावेत. माझ्यासारख्या अनुवादकांनी मात्र मराठी सूची जोडलेली आवृत्ती येईपर्यंत थांबावे, किंवा घेतलाच तर समासात पेन्सिलीने बाहुली, वाटी आणि माकडहाड लिहून ठेवावे.